‘यादीत आहे ना, मग झालं!’

मामाच्या पाकिटात मेडिक्लेमच्या कार्डामागे एक घडी घातलेला कागद असायचा. एजंटाने छापून दिलेली रुग्णालयांची यादी. मुंबईतली नोकरी संपवून तो रत्नागिरी जिल्ह्यातल्या आपल्या गावी राहायला गेला, तेव्हा जवळपासची तीन नावं शोधून त्याने त्यांवर पिवळा मार्कर फिरवला होता. विमा १० लाखांचा, हप्ता वेळेवर, कार्ड खिशात. गेल्या पावसाळ्यात एका रात्री पित्ताशयातल्या खड्याने पोट असं काही धरलं की शेजाऱ्याच्या गाडीतून न्यावं लागलं. पहिल्या नावाच्या काउंटरवर उत्तर मिळालं, "तुमच्या कंपनीचं कॅशलेस आमच्याकडे दिवाळीपासून बंद आहे." दुसरं नाव डोळ्यांच्या दवाखान्याचं निघालं. तिसऱ्याने दाखल करून घेतलं, पण आधी ६० हजार डिपॉझिट. रात्री साडेबाराला मामीचा मला फोन आला तो, "यूपीआयने एका दिवसात किती जातात रे?" हे विचारायला.

ऑपरेशन नीट झालं. दोन महिन्यांनी बरेचसे पैसेही परत आले. ‘बरेचसे’ या शब्दात काय काय लपलेलं असतं ते पुढे येईलच. पण त्या रात्रीनंतर मी निवृत्त मंडळींच्या तोंडची मेडिक्लेमबद्दलची ठाम वाक्यं एकेक करून तपासायला घेतली.

"कंपनीच्या यादीत आहे, म्हणजे कॅशलेस होणारच."

यादी म्हणजे विमा कंपनी आणि रुग्णालय यांनी आपसात केलेला करार. आपली त्यावर सही नसते. कुठल्या शस्त्रक्रियेला किती दर द्यायचा यावरून त्या दोघांचं बिनसलं की कॅशलेस थांबतं. आपली पॉलिसी आणि आपला हप्ता मात्र चालूच राहतो. जुलै २०१० मध्ये चार सरकारी विमा कंपन्यांनी मुंबई, दिल्ली, बेंगळुरू आणि चेन्नईतल्या अनेक मोठ्या रुग्णालयांतलं कॅशलेस बंद केलं आणि पॅकेजच्या दराला तयार होणाऱ्या रुग्णालयांची वेगळी यादी केली. तिलाच पीपीएन म्हणतात. ऑगस्ट २०२५ मध्ये हीच गोष्ट उलट्या बाजूने घडली. रुग्णालयांच्या एका संघटनेने उत्तर भारतातल्या आपल्या सभासदांना १ सप्टेंबरपासून एका मोठ्या कंपनीचं कॅशलेस थांबवायला सांगितलं. पुढे बोलणी होऊन ते मागे घेतलं गेलं, पण त्या आठवड्यात ऑपरेशनची तारीख ठरलेल्यांनी काय केलं असेल याची कल्पना करून पाहा.

करार चालू असला तरीही कॅशलेस आपोआप होत नाही. दर वेळी दाखल होताना कंपनीची वेगळी मंजुरी लागते. विमा नियामक आयआरडीएआयच्या मे २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे कॅशलेसच्या विनंतीवर कंपनीने एका तासात निर्णय द्यायचा असतो, आणि घरी सोडतानाच्या अंतिम बिलावर तीन तासांत. तीन तासांहून उशीर झाला आणि त्यापायी रुग्णालयाने जादा दिवस लावला, तर तो खर्च कंपनीने सोसायचा. डिस्चार्जच्या दिवशी सकाळी दहापासून संध्याकाळी सहापर्यंत पिशवी भरून बाकावर बसलेल्या बहुतेकांना हा नियम माहीतच नसतो.

मग खात्री कुठे करायची? वेबसाइटवर नाही आणि एजंटाकडे तर नाहीच. रुग्णालयात तळमजल्यावर, बहुधा औषधाच्या दुकानाला लागून, ‘टीपीए डेस्क’ अशी पाटी असते. टीपीए म्हणजे कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणारी मधली संस्था. त्या टेबलामागच्या माणसाला आपलं कार्ड दाखवून विचारायचं: या कंपनीचं, या टीपीएकडून, याच पॉलिसीचं कॅशलेस आज चालू आहे का? सगळ्या विभागांना आहे की फक्त काहींना? बाहेरून येणाऱ्या सर्जनची फी पॅकेजात धरली जाते की वेगळी रोख मागतात? एकाच नावाची दोन रुग्णालयं असली, एक शहरात आणि एक हायवेवर, तर त्यांचा ‘रोहिणी’ क्रमांक पाहावा. विम्याच्या व्यवहारात प्रत्येक रुग्णालयाला असा स्वतंत्र क्रमांक असतो. नाव सारखं असलं तरी क्रमांक वेगळा असतो.

"यादीबाहेर गेलो तर एक पैसा मिळत नाही."

मिळतो. आधी स्वतः भरायचा, मग कागद देऊन मागायचा, एवढंच. रुग्णालय मात्र पॉलिसीच्या व्याख्येत बसलं पाहिजे. ते कायद्याने नोंदणीकृत असावं. तशी नोंदणी नसेल तर १० लाखांहून कमी वस्तीच्या गावात किमान १० खाटा, इतरत्र १५, चोवीस तास प्रशिक्षित परिचारिका आणि डॉक्टर, आणि स्वतःचं सुसज्ज ऑपरेशन थिएटर असावं. तालुक्याच्या डॉक्टरांचं वीस वर्षांच्या ओळखीचं सहा खाटांचं हॉस्पिटल यात बसतं का, हे त्यांना आजारी नसताना विचारून ठेवावं. डॉक्टर रागावत नाहीत.

जानेवारी २०२४ मध्ये सर्वसाधारण विमा कंपन्यांच्या परिषदेने ‘कॅशलेस एव्हरीव्हेअर’ सुरू केलं. यादीबाहेरच्या रुग्णालयातही कॅशलेस मिळू शकतं. त्यासाठी ठरवून केलेल्या उपचाराच्या ४८ तास आधी, आणि तातडीच्या प्रसंगी दाखल झाल्यापासून ४८ तासांच्या आत कंपनीला कळवावं लागतं. नाव भारदस्त असलं तरी रुग्णालयाने हो म्हटल्याशिवाय काही होत नाही, आणि लहान गावातली बरीच रुग्णालयं कंपनीकडून पैसे कधी येतील या भीतीने नाही म्हणतात. मामाच्या त्या रात्री ही सोय कागदावर होती. तिसऱ्या रुग्णालयातल्या काउंटरवरच्या मुलाने तिचं नावही ऐकलं नव्हतं.

यातला खरा धोका वेगळ्याच ठिकाणी आहे. जवळजवळ प्रत्येक कंपनीची एक दुसरी यादीही असते, तिने बाद केलेल्या रुग्णालयांची. यादीबाहेरचं आणि बाद केलेलं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. बाद रुग्णालयात उपचार घेतले तर बिल मागूनही मिळत नाही. अपवाद जिवावर बेतलेल्या प्रसंगाचा किंवा अपघाताचा, आणि तोही प्रकृती स्थिर होईपर्यंतच. ही यादी कंपनीच्या वेबसाइटवर असते. ती सहसा कोणी उघडत नाही, आणि एजंट छापून देत नाही.

"दहा लाखांची पॉलिसी आहे, आता कशाला चिंता?"

इथे जरा थांबू, कारण मामाचे ‘बरेचसे’ इथेच अडकले होते.

त्याचं बिल झालं ९० हजार. त्यातले ६ हजार ग्लोव्ह्ज, मास्क, नोंदणी शुल्क अशा न मिळणाऱ्या वस्तूंचे. उरले ८४ हजार. ज्येष्ठांच्या अनेक पॉलिसींप्रमाणे त्याच्याही पॉलिसीत २० टक्के को-पे होता, म्हणजे मान्य झालेल्या रकमेतला पाचवा हिस्सा आपला. १६,८०० गेले, हाती आले ६७,२००. को-पेमुळे हप्ता थोडा कमी होतो, म्हणून घेताना तो बरा वाटतो.

आता हेच ऑपरेशन पुण्यात झालं असतं तर? मामाच्या पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा दिवसाला ५ हजार. गावाकडे खोली ३ हजारांची होती, म्हणून ती मर्यादा कधी जाणवलीच नाही. पुण्यातल्या मोठ्या रुग्णालयात स्वतंत्र खोली सहज ८ हजारांची. माणूस म्हणतो, वरचे ३ हजार मी भरीन. हिशेब तसा होत नाही. ज्या रुग्णालयात खोलीच्या वर्गाप्रमाणे दर बदलतात, तिथे सर्जनची फी, भूल, थिएटर यांतही त्याच प्रमाणात कपात होते. ५ भागिले ८. म्हणजे या गोष्टींचे १ लाख २० हजार झाले असतील तर कंपनी धरते ७५ हजार, आणि को-पे त्यानंतर. औषधं, इम्प्लांट, तपासण्या आणि आयसीयू यांवर अशी कपात करता येत नाही. तसा नियम आहे, आणि बिल आल्यावर तो तपासून घ्यायचा असतो.

निवृत्तीनंतर गावी जाणाऱ्यांसाठी आणखी एक खाच आहे. अनेक कंपन्या शहरांचे झोन पाडतात. मुंबईकराला हप्ता जास्त, कोकणातल्या किंवा मराठवाड्यातल्या तालुक्यात कमी. पत्ता बदलला की हप्ता उतरतो आणि माणूस खूश होतो. पण काही पॉलिसींत खालच्या झोनचा हप्ता भरून वरच्या झोनमध्ये उपचार घेतले की वेगळा को-पे लागतो. आणि छोट्या गावातला मोठा आजार गावात राहतोच कुठे? चिपळूणचा हृदयरोगी मुंबई नाहीतर पुणे गाठतो. रत्नागिरीच्या दक्षिणेकडची माणसं कोल्हापूरला वळतात. सावंतवाडी, दोडामार्गकडचे लोक तर बांबोळीला, गोव्यातच जातात. त्यांनी महाराष्ट्रातली यादी पाहून पॉलिसी घेणं म्हणजे वाटेवर नसलेल्या स्टॅंडची चौकशी करणं. आपले डॉक्टर ‘आता पुढे न्या’ म्हणतात तेव्हा कुठल्या गावाचं नाव घेतात, हे आधी कळलं पाहिजे. पॉलिसी त्या गावाची घ्यायची, आणि रात्री दोन वाजता अर्ध्या तासात पोचता येईल अशा एका रुग्णालयाची. बाकी हजारो नावं छापील कागदाची शोभा.

"साठीनंतर कोण देतंय पॉलिसी!"

१ एप्रिल २०२४ पासून प्रवेशाच्या वयाला ६५ वर्षांची अट राहिलेली नाही. मात्र कंपनीने प्रत्येकाला पॉलिसी दिलीच पाहिजे असा याचा अर्थ नाही. मधुमेह, बायपास पाहून ती जादा हप्ता लावते किंवा नकारही देते. आधीच्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ आता जास्तीत जास्त ३ वर्षं आहे, पूर्वी ४ होता. सलग ५ वर्षं पॉलिसी चालली की, फसवणूक सिद्ध केल्याखेरीज, ‘तुम्ही अमुक सांगितलंच नव्हतं’ म्हणून कंपनी क्लेम नाकारू शकत नाही.

म्हणून नोकरीतल्या ग्रुप पॉलिसीवर विसंबून राहिलेल्यांनी निवृत्तीच्या समारंभाआधी, शालीआधी आणि श्रीफळाआधी, एक काम करावं: त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं का आणि झालेली वर्षं प्रतीक्षाकाळात धरली जातात का, हे लेखी विचारावं. गाव बदलल्यावर जुन्या कंपनीची यादी निरुपयोगी ठरली तर कंपनीही बदलता येते, साठलेली वर्षं बरोबर घेऊन. मात्र नूतनीकरणाच्या किमान दीड महिना आधी हालचाल हवी. शेवटच्या आठवड्यात नाही.

हप्त्याची ओरड खोटी नाही. जानेवारी २०२५ मध्ये आयआरडीएआयने सांगितलं की ज्येष्ठांच्या हप्त्यात वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढ करायची तर आधी आमच्याशी बोला. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला. जुन्या पावतीशी नवी ताडून पाहा. कर कुठे गेला ते दिसलं पाहिजे.

"सरकारी योजना आपल्यासाठी नसतात."

पांढरपेशांचं हे आवडतं वाक्य, आणि आता ते साफ चुकीचं आहे. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरच्या कोणालाही, पेन्शन कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं; कुटुंबातल्या सत्तरीपुढच्यांसाठी मिळून वर्षाला ५ लाख. खासगी मेडिक्लेम असला तरी ते काढता येतं. केंद्र सरकारच्या सीजीएचएसचे किंवा माजी सैनिकांच्या ईसीएचएसचे लाभार्थी असाल तर मात्र दोन्हींपैकी एक निवडायचं. महात्मा फुले जन आरोग्य योजनाही आता राज्यातल्या सर्व कुटुंबांसाठी आहे.

यादीचा प्रश्न मात्र इथे जास्त कडक आहे. खासगी पॉलिसीत यादीबाहेर गेलात तर निदान बिल मागता येतं; इथे अंगीकृत रुग्णालयाबाहेर सहसा काहीच नाही. शिवाय एखादं रुग्णालय हृदयासाठी अंगीकृत असतं आणि सांध्यासाठी नसतं. तिथेही विचारायला एक टेबल असतं, आरोग्यमित्राचं. सीजीएचएसची केंद्रं मुंबई, पुणे, नागपूर अशा मोजक्या शहरांत, म्हणून निवृत्त होऊन कोकणात जाणाऱ्या केंद्रीय कर्मचाऱ्याने कार्ड आणि महिना १,००० रुपयांचा वैद्यकीय भत्ता यांचा हिशेब आपल्या घरापासूनच्या अंतरावर मांडावा.

क्लेम अडकला तर आधी कंपनीच्या तक्रार कक्षाकडे लेखी, महिनाभरात उत्तर नाही किंवा पटत नाही तर विमा लोकपालाकडे. मुंबईत आणि पुण्यात कार्यालयं आहेत, फी नाही, वकील लागत नाही.

यंदा मामाचं नूतनीकरण येण्याआधी दोन महिने आम्ही दोघे एका बुधवारी बाहेर पडलो. तालुक्यातलं एक रुग्णालय आणि कोल्हापुरातली दोन. तिसऱ्या ठिकाणी टीपीए डेस्कवरच्या ताईंनी कार्ड पाहिलं, मामाकडे पाहिलं, आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "काका, कंपनी कुठलीही घ्या, पण आमच्याकडे ज्यांची मंजुरी लगेच येते ती नावं सांगते." त्यांनी तीन सांगितली. मामाने पाकिटातला तो जुना कागद काढला, पिवळे पट्टे असलेली बाजू खाली केली आणि कोऱ्या बाजूवर ती नावं लिहून घेतली. शेवटी तारीख घातली, आणि ताईंच्या कामाची वेळ विचारली.