एस्ट्रोजेन आणि रक्ताची गुठळी

चाकूनें बोट कापलें असतां रक्त थोड्या वेळानें आपोआप थांबतें. नित्याच्या परिचयाची ही गोष्ट दोन टप्प्यांनीं घडते. रक्ताच्या एका घनमिलिमीटरांत सुमारें दीड ते साडेचार लक्ष बारीक चकत्या तरंगत असतात. त्यांस बिंबिका अथवा प्लेटलेट म्हणतात. जखम होतांच त्या तेथें चिकटून पहिला बोळा बसवितात. मागोमाग, यकृतांत तयार झालेलें फायब्रिनोजेन नांवाचें द्रव्य धाग्यांचें रूप घेऊन तो बोळा जाळ्यानें आंवळून टाकतें. हें जाळें भलतीकडे पसरूं नये म्हणून अँटिथ्रॉम्बिन, प्रोटीन एस् इत्यादि आवर घालणारीं द्रव्येंही रक्तांत सदैव हजर असतात.

स्त्रीच्या अंडाशयांत उत्पन्न होणारें एस्ट्रोजेन हें संप्रेरक ह्या व्यवस्थेंत कोठें हात घालतें? पुष्कळांची समजूत अशी कीं, तें बिंबिकांना चेतवीत असावें. बिंबिकांच्या अंगीं एस्ट्रोजेन ओळखण्याची सोय आहे हें खरें. परंतु प्रयोगांत तिचे परिणाम एकसारखे दिसत नाहींत. एस्ट्रोजेनचा खरा अंमल चालतो तो यकृतावर. त्याच्या प्रभावानें यकृत गोठविणारीं द्रव्यें अधिक तयार करूं लागतें, आणि आवर घालणारीं कांहीं द्रव्यें कमी पडतात.

असें कां व्हावें, हें गर्भवतीकडे पाहिलें म्हणजे उमगतें. तिच्या शरीरांत एस्ट्रोजेन अनेक पटींनीं वाढलेलें असतें. एरव्हीं लिटरभर रक्तद्रवांत २ ते ४ ग्रॅम असणारें फायब्रिनोजेन शेवटच्या महिन्यांत ४ ते ६ ग्रॅमपर्यंत जातें. बिंबिकांची संख्या मात्र उलट थोडी उतरते. त्या सुमारास गर्भाशयाकडे दर मिनिटास अर्धा लिटरहून अधिक रक्त धांवत असतें. वार सुटतांच त्या रक्तवाहिन्यांचीं तोंडें उघडीं पडतात. गर्भाशय आकुंचन पावून तीं दाबून धरतें, आणि लवकर गोठणारें रक्त त्यास साहाय्य करतें. ही तजवीज नसती तर किती माता दगावल्या असत्या!

परंतु तिची किंमतही मातेसच द्यावी लागते. पायाच्या खोल शिरेंत गुठळी धरण्याचा व ती सुटून फुप्फुसांत जाऊन अडकण्याचा धोका बाळंतपणानंतरच्या पहिल्या सहा आठवड्यांत सर्वांत अधिक असतो. आमच्या घरांतून बाळंतिणीस बाजेवरून उतरूं न देण्याची चाल अद्याप पुष्कळ ठिकाणीं आहे. शेक आणि डिंकाचे लाडू खुशाल चालूं द्यावे. पण डॉक्टरांनीं मनाई केली नसेल तर तिला लवकर उठवून हिंडूंफिरूं द्यावें. एकच पाय सुजला, पोटरी दुखूं लागली, किंवा एकाएकीं धाप लागली, तर वाताचा विकार म्हणून तेल चोळीत न बसतां त्याच क्षणीं इस्पितळ गांठावें.

संततिनियमनाच्या गोळ्यांचा इतिहासही येथें सांगण्याजोगा आहे. अमेरिकेंत १९६० सालीं मान्यता पावलेल्या एनोव्हिड गोळींत एस्ट्रोजेनच्या जातीचें द्रव्य १५० मायक्रोग्रॅम होतें. पुढच्याच वर्षीं इंग्लंडांतील सफोक परगण्याच्या डॉ. जॉर्डन यांनीं ह्या जातीची गोळी घेणाऱ्या एका परिचारिकेच्या फुप्फुसांत गुठळी झाल्याचें प्रसिद्ध केलें. १९६९ सालीं ब्रिटिश औषध-सुरक्षा समितीनें ५० मायक्रोग्रॅमची मर्यादा सुचविली. आजच्या बहुतेक गोळ्यांत २० ते ३५ असतें. गिळलेली गोळी आंतड्यांतून प्रथम यकृताकडेच जाते, म्हणून तिचा परिणाम तेथें जोरानें होतो. ऋतुनिवृत्तीनंतर एस्ट्रोजेन द्यावयाचें झाल्यास डॉक्टर कित्येकदां त्वचेवरील पट्टी पसंत करतात, त्याचें कारण हेंच.

तथापि वाचकांनीं घाबरून जाऊं नये. दहा हजार तरुण स्त्रियांत गोळी न घेणाऱ्या वर्षाकांठीं १ ते ५, गोळी घेणाऱ्या ३ ते १२, आणि गर्भवती ५ ते २० जणींस अशी गुठळी होते. गोळीपेक्षां गर्भारपणांतच धोका अधिक, हें ध्यानांत घ्यावें.

सणावारास वा लग्नकार्यास पाळी पुढें ढकलण्याकरितां आमच्याकडे दुकानांतून परस्पर गोळ्या आणतात, ही गोष्ट मात्र आम्हांस मुळींच पसंत नाहीं. त्या गोळ्यांतील नोरेथिस्टेरोन हें स्वतः एस्ट्रोजेन नव्हे. पण मोठ्या मात्रेंत त्याचा कांहीं अंश शरीरांत एस्ट्रोजेनच्या जातीच्या द्रव्यांत पालटतो. घरांत पूर्वीं कोणास गुठळीचा विकार झाला असेल तर गोळी मागण्याआधीं ती हकीकत डॉक्टरांच्या कानांवर घालावी.