मलिक अंबरच्या कबरीपाशी

गेल्या वर्षी आमच्या शाळेत मधल्या सुट्टीत भांडण झालं. सहावीतल्या एका सावळ्या मुलीला मैत्रिणीनं ‘हबशी’ म्हणून चिडवलं होतं. हा शब्द मुलं रस्त्यावर शिकत नाहीत, आपल्याच घरात ऐकतात. आम्ही वर्गाला विचारलं, “हबशी म्हणजे कोण?” कुणालाच सांगता येईना.

मग आम्ही मलिक अंबरची हकिकत सांगितली. हबशाण म्हणजे आजचा इथिओपिया. १५४८च्या सुमारास तिथं जन्मलेलं हे मूल गुलाम म्हणून विकलं गेलं, हातोहात फिरत दख्खनला आलं. ‘अंबर’ हे नावही मालकानं दिलेलं. निजामशाहीचा पेशवा चंगेजखान यानं त्याला विकत घेतलं. तो स्वतःही पूर्वी हबशी गुलामच होता. त्याच्या मृत्यूनंतर अंबर मोकळा झाला, पुढं वजीर झाला. मोगलांना त्यानं वर्षानुवर्षं झुंजवलं, १६१०मध्ये खडकी म्हणजे पुढचं औरंगाबाद वसवलं, तिथं नहरीनं पाणी आणलं. १६२६मध्ये त्याचं निधन झालं.

सहलीला पाचोऱ्याहून अजिंठ्याचा घाट चढून आम्ही खुलताबादला गेलो. त्याच्या कबरीपाशी फातिहा पढून झाल्यावर तीच सावळी मुलगी म्हणाली, “सर, याच्यासोबत विकलेल्या बाकीच्या मुलांच्या कबरी कुठं आहेत?”

आम्ही गप्प झालो. वजीर झालेल्याची कबर राहिली. बाकीच्यांची नावंही उरली नाहीत. झांझिबारचा गुलामांचा बाजार १८७३मध्ये बंद झाला. तिथं आज खड्ड्यात साखळीनं बांधलेले पुतळे उभे आहेत. युनेस्को दरवर्षी २३ ऑगस्टला या व्यापाराची आठवण पाळते.

आपणही ही आठवण प्रामाणिकपणे ठेवायला हवी. या व्यापारात युरोपीय होते, तसे मुस्लिम व्यापारीही होते. कुरआननं गुलाम मुक्त करणं पुण्याचं ठरवलं, जकातीत त्यासाठी वाटा ठेवला. हजरत बिलाल (रजि.) यांचं नाव आपण मुलांना प्रेमानं ठेवतो. आणि त्याच तोंडानं ‘हबशी’ ही शिवी देतो!

सहलीहून परतताना चिडवणारी मुलगी तिच्याशेजारी येऊन बसली. दोघींनी डबा वाटून खाल्ला. माफी मुलींनी मागितली. तो शब्द घरात आणणाऱ्या आपण मोठ्यांची माफी मात्र अजून बाकी आहे.