इलेक्ट्रिक गाडी परवडते कुणाला?

‘किलोमीटरला जेमतेम रुपया खर्च!’ इलेक्ट्रिक गाडीची शिफारस करणारा हे सांगितल्याशिवाय राहत नाही. पण तो रुपया वाचवण्यासाठी आधी काही लाख जादा मोजावे लागतात. ते कधी वसूल होतील, हे गाडीच्या मॉडेलपेक्षा दोन गोष्टींवर ठरतं : महिन्याचं रनिंग किती आणि चार्जिंग कुठे?

आधी किंमत बघू. तुलना एक्स-शोरूमची नको, ऑन-रोड किमतीची करा. इलेक्ट्रिक गाडीवर जीएसटी 5 टक्के आहे. महाराष्ट्रात 10 ते 20 लाखांच्या पेट्रोल गाडीला लागणारा 12 टक्के रोड टॅक्स तिला माफ आहे आणि थर्ड पार्टी विम्यातही 15 टक्के सूट मिळते. मात्र 22 सप्टेंबर 2025 पासून छोट्या पेट्रोल गाड्यांचा जीएसटी 18 टक्क्यांवर आल्याने त्याही स्वस्त झाल्या. साधारण एकाच आकाराच्या दोन गाड्यांच्या ऑन-रोड किमतीत 3 लाखांचा फरक आहे, असं धरून चालू.

आता महावितरणचं गेल्या महिन्याचं बिल समोर घ्या. घरगुती वीज टप्प्याटप्प्याने महाग होत जाते : पहिली 100 युनिट, मग 300 पर्यंत, मग 500 पर्यंत आणि त्यापुढे. महिन्याला हजार किलोमीटर चालणारी मध्यम आकाराची गाडी, चार्जिंगमधली गळती धरून, 160 युनिटच्या आसपास घेते. तुमचा वापर 180 युनिट असेल तर तो 340 वर जाईल, म्हणजे गाडीची बहुतेक वीज दुसऱ्याच टप्प्यात बसेल. घरात एसी असेल आणि बिल आधीच 400 युनिटांचं येत असेल, तर गाडीची वीज वरच्या महागड्या टप्प्यांत जाईल. युनिटला सरासरी 12 रुपये धरले तर किलोमीटरला 2 रुपयांच्या आत भागतं. 104 रुपये लिटरचं पेट्रोल आणि 15 चं मायलेज धरलं तर तोच खर्च 7 रुपये. बचत 5 रुपयांची.

कागदावर 60 हजार किलोमीटरला 3 लाख वसूल झालेले दिसतात, पण व्याज कुठे गेलं? वाढीव 3 लाखांवर 9 टक्क्यांनी सुरुवातीला महिन्याला 2,250 रुपये व्याज बसतं. महिन्याला 2,000 किलोमीटर फिरणाऱ्याची बचत 10 हजार. त्याचे पैसे तीन वर्षांच्या आत सुटतात. 1,000 किलोमीटरवाल्याला साडेसहा वर्षांहून थोडा जास्त काळ लागतो. आणि 400 किलोमीटरवाल्याचे वाचतात 2,000 रुपये. त्याचं व्याजसुद्धा भरून निघत नाही!

सोसायटीत चार्जिंग पॉइंट नसेल आणि बाहेरच्या फास्ट चार्जरवर युनिटला 22 रुपये मोजावे लागत असतील, तर बचत साडेतीन रुपयांवर येते. मग हजार किलोमीटरवाल्याची वसुली अकरा वर्षांच्या पुढे जाते. म्हणून बुकिंगच्या आधी सोसायटीच्या कमिटीशी बोला. मीटरपासून पार्किंगपर्यंत केबल कुठून येणार आणि मंजूर भार पुरेल का, हे वायरमनला बोलावून बघून घ्या.

पुणे-मुंबई ये-जा करणाऱ्यांचं गणित वेगळं आहे. राज्याच्या 2025 च्या इलेक्ट्रिक वाहन धोरणात द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतूवर या गाड्यांना टोलमाफी आहे. द्रुतगती मार्गाचा कारचा टोल एका बाजूला 320 रुपये. महिन्यातून चार फेऱ्या होत असतील तर 2,560 रुपये वाचतात. म्हणजे सगळं व्याज टोलमध्येच निघतं.

तुलना नुसती पेट्रोलशी करूनही भागत नाही. सीएनजी 90 रुपये किलो आणि 25 चं मायलेज धरा. किलोमीटरला 3 रुपये 60 पैसे पडतात. इलेक्ट्रिकची आघाडी इथे पावणेदोन रुपयांच्या आसपास उरते, आणि सीएनजी गाडी घेताना जादा पैसेही कमी लागतात. जवळच पंप असेल आणि रांगेत थांबायची तयारी असेल, तर मध्यमवर्गीय खिशाला आजही तीच सोयीची.

देखभालीत इलेक्ट्रिक गाडी सरस ठरते. इंजिन ऑइल नाही, क्लच नाही, स्पार्क प्लग नाहीत. बॅटरीवर बहुधा 8 वर्षं किंवा 1,60,000 किलोमीटरची वॉरंटी असते. ती संपत आलेली गाडी विकताना गिऱ्हाईक भाव पाडून मागणार, हे मात्र हिशेबात धरायलाच हवं.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, वरचा हिशेब नवी गाडी घ्यायचं आधीच ठरलेल्यांसाठी आहे. दारातली चांगली चालणारी गाडी काढून इलेक्ट्रिक घ्यायची, तर वसूल करायचे ते 3 लाख नव्हेत. जुनीची किंमत वजा जाता नवीची सगळी रक्कम. ती इंधनाच्या बचतीतून सहसा निघत नाही.

माझं मत स्वच्छ आहे. महिन्याला दीड हजार किलोमीटरच्या पुढे रनिंग, घरचं चार्जिंग आणि गाडी सात-आठ वर्षं ठेवायची तयारी, या तिन्ही गोष्टी जुळत असतील तर बिनधास्त घ्या. रनिंग कमी असेल, तर आहे ती गाडी नीट सर्व्हिसिंग करून वापरा. हवेच्या काळजीपोटी घ्यावीशी वाटली तर जरूर घ्या, तो विचार मोलाचाच आहे. फक्त त्यासाठी आपण किती जादा मोजतोय, तो आकडा सही करण्याआधी घरातल्या सगळ्यांना माहीत असू द्या.