घरगुती मत्स्यालयातील निचरा-व्यवस्थेचे नियोजन : बुलढाणा जिल्ह्याच्या संदर्भात

प्रस्तावना : मत्स्यालयात माशांची विष्ठा व उरलेले खाद्य यांपासून अमोनिया तयार होतो. जीवाणू त्याचे नायट्राइटमध्ये व पुढे नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नायट्रेट साचू नये म्हणून आठवड्यास सुमारे २५ टक्के पाणी बदलणे हितावह असते. ९० × ४५ × ४५ सें.मी. मापाच्या टाकीतून अशा रीतीने प्रत्येक वेळी सुमारे ४५ लिटर पाणी बाहेर पडते. उन्हाळ्यात पाणीटंचाई सोसणाऱ्या बुलढाणा जिल्ह्यात ते गटारात सोडणे उचित नव्हे.

रचना : गाळण-टाकी खाली असल्यास पाणी केवळ उताराने तिच्यात येते, म्हणून निचऱ्याचा पाइप पंपाच्या पाइपापेक्षा रुंद असावा. वीज गेल्यावर पंप थांबतो, परंतु पाणी उतरतच राहते. वरच्या टाकीची पातळी ५ सें.मी. उतरली तरी सुमारे २० लिटर पाणी खाली येते. तेवढी जागा गाळण-टाकीत रिकामी नसेल, तर पाणी घरभर पसरते. निचऱ्याच्या तोंडाशी जाळी बसवावी, जेणेकरून परदेशी मासे नाल्यावाटे नदीत जाणार नाहीत.

विनियोग : नायट्रेटयुक्त पाणी परसबागेस उपयुक्त ठरते. मात्र पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात, म्हणजे शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या तालुक्यांच्या बऱ्याच भागात, भूजल क्षारयुक्त असते. तेथे असे पाणी वारंवार दिल्यास काळी जमीन बिघडते. ते शौचालयासाठी वापरणे श्रेयस्कर होय.

निष्कर्ष : निचऱ्याचा मार्ग टाकी मांडण्यापूर्वीच निश्चित केल्यास घर, पाणी व जमीन या तिन्हींचे रक्षण होते.