अजिंठा आणि आधुनिक कलावंत : प्रतिकृतीकडून आख्यानाकडे

आधुनिक कलावंत प्राचीन संस्कृतीपासून प्रेरणा घेतात. परंतु ती मूळ अवशेषांतून थेटच मिळते असे नाही. अजिंठ्याचे उदाहरण या दृष्टीने विचारात घेण्यासारखे आहे.

ही लेणी १८१९ मध्ये जॉन स्मिथ याच्या दृष्टीस पडली. पुढे रॉबर्ट गिल याने तेथील भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या. त्यांपैकी बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत नष्ट झाल्या. १८७२ पासून जॉन ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतील विद्यार्थ्यांसह हेच काम पुन्हा हाती घेतले. अशा रीतीने प्राचीन रेषा नव्या चित्रकारांच्या हाती आली.

ना. धों. महानोर यांच्या 'अजिंठा' या दीर्घकाव्यात मात्र गिल आणि पारो यांची प्रेमकथा केंद्रस्थानी आहे. त्यावर नितीन चंद्रकांत देसाई यांनी २०१२ मध्ये चित्रपट काढला. त्यास कौशल इनामदार यांचे संगीत लाभले. येथे लेण्यांइतकीच ती उतरवून घेणाऱ्या माणसाची प्रेरणा दिसते.

हे आख्यान अजिंठ्याकडे नवा रसिक वळवते. तथापि, गिलची कथाच अजिंठ्याची ओळख ठरली, तर जातककथांचा मूळ बौद्ध आशय झाकोळण्याचा धोका संभवतो. म्हणून अशा कलाकृतींचे अध्यापन करताना लेणी, प्रतिकृती आणि आख्यान हे तीनही स्तर वेगळे करून दाखविणे आवश्यक ठरते.