स्वस्तातला ऑसिलोस्कोप: पाचाचा पाढा आणि तीन पिनांचा प्लग

ज्यांच्या टेबलावर आर्डुइनो, ब्रेडबोर्ड आणि वायरींचा गुंता कायम पडलेला असतो, त्यांच्यासाठी आजचा भाग. मल्टिमीटर झाला, आता ऑसिलोस्कोप घ्यायचाय आणि बजेट मोजकं आहे. मग घ्यायचा कुठला?

मॉडेल शोधण्याआधी एकच प्रश्न: तुम्हाला बघायचाय तो सिग्नल किती वेगाचा आहे?

बॉक्सवर मोठ्या अक्षरात लिहिलेली बँडविड्थ म्हणजे काय, ते आधी बघू. ५० मेगाहर्ट्झच्या स्कोपवर ५० मेगाहर्ट्झची १ व्होल्टची साइन वेव्ह साधारण ०.७ व्होल्टची दिसते. आणि आपले डिजिटल सिग्नल तर चौकोनी. चौकोनी लहरीत मूळ फ्रिक्वेन्सीच्या तिप्पट, पाचपट असे भागही असतात. ते कापले गेले की कडा गोल दिसतात. म्हणून सोपा हिशोब: सिग्नल गुणिले ५.

आता आर्डुइनो उनो घ्या. त्याचं पीडब्ल्यूएम बहुतेक पिनांवर ४९० हर्ट्झचं. ते आणि ऑडिओ बघायला डीएसओ१३८ सारखं छोटं किटसुद्धा चालतं. त्याची बँडविड्थ २०० किलोहर्ट्झ, म्हणजे चौकोनी लहर ४० किलोहर्ट्झपर्यंत ठीक. पण उनोचं एसपीआय ८ मेगाहर्ट्झपर्यंत जातं. तिथे ४० मेगाहर्ट्झ हवेत, म्हणजे ५० मेगाहर्ट्झचा दोन चॅनेलवाला स्कोप घ्या. दोन चॅनेल का? क्लॉक आणि डेटा शेजारी-शेजारी बघता येतात.

दुसरा आकडा सॅम्पल रेट. तो बँडविड्थच्या किमान चार-पाच पट हवा, आणि विचारा की सगळे चॅनेल चालू असताना किती? रिगोलच्या डीएस१०५४झेडमध्ये एका चॅनेलला सेकंदाला १०० कोटी सॅम्पल मिळतात, चारही चालू केले की प्रत्येकी २५ कोटी.

फक्त सिरियल किंवा आय-टू-सीचा डेटा वाचायचाय? मग स्कोप राहू द्या. आठ चॅनेलचा यूएसबी लॉजिक अ‍ॅनालायझर खूप स्वस्तात ते काम करतो. मात्र व्होल्टेज किती पडतंय, नॉइज किती आहे, हे तो दाखवत नाही.

प्रोबवरचं बटण १०एक्सवर ठेवा. १एक्सवर साध्या प्रोबची बँडविड्थ काही मेगाहर्ट्झवरच येते, मग महागडा स्कोप घेऊन उपयोग काय?

आता हे नीट ऐका. टेबलावरच्या स्कोपच्या सगळ्या ग्राउंड क्लिप आतून एकमेकींना आणि तीन पिनांच्या प्लगमधून अर्थिंगला जोडलेल्या असतात. एलईडी बल्बचा ड्रायव्हर किंवा चार्जरची २३० व्होल्टची बाजू बघायला क्लिप लावलीत, तर थेट शॉर्ट! त्यावर "अर्थची पिन काढून टाक" असा जुगाड कुणी सुचवला तर ऐकू नका. मग स्कोपच्या उघड्या धातूवरच करंट येऊ शकतो आणि हात तुमचा असतो. बॅटरीवरच्या छोट्या स्कोपनेही मेन्सला हात लावायचा नाही. त्यासाठी डिफरेन्शियल प्रोब लागतो, तो नसेल तर ते मोजमाप सोडून द्या.

तर लॅमिंग्टन रोडला किंवा तपकीर गल्लीत जाण्याआधी तुमच्या प्रोजेक्टमधला सगळ्यात वेगवान सिग्नल कागदावर लिहा आणि पाचने गुणा. तो आकडा दुकानदाराला सांगा. भेटू पुढच्या भागात!