ब्राझिलियन कादंबरीतील शिक्षिका आणि अक्षरज्ञान

शाळा आली की अज्ञान हटते, ही श्रद्धा ब्राझीलच्या श्रेष्ठ कादंबरीकारांनी सहजासहजी स्वीकारलेली नाही. राउल पोंपेइया यांच्या ‘ओ आतेनेउ’ (१८८८) मधील आरिस्तार्कु हा शाळाचालक विद्येपेक्षा आपल्या कीर्तीचा आणि जमाखर्चाचाच उपासक आहे. तेथील उपहास धारदार आहे, तथापि तो शाळेच्या भिंतींबाहेर फारसा जात नाही. हा प्रश्न जमीन आणि सत्ता यांच्याशी भिडवला तो ग्रासिलियानु रामुस यांनी. १९३३ साली ते आलागोआस राज्याच्या सार्वजनिक शिक्षणाचे संचालक झाले होते, हे येथे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

त्यांच्या ‘साउं बेर्नार्दु’ (१९३४) या कादंबरीचा निवेदक पावलु ऑनोरियु तुरुंगात एका चांभार कैद्याकडून वाचावयास शिकला. पुढे तो जमीनदार झाला. मळ्यावर तो शाळा काढतो, ती मुलांसाठी नव्हे. राज्यपालांची मर्जी संपादन करण्यासाठी. शिक्षक म्हणून नेमतो तो पादिल्या, ज्याला कर्जात अडकवून त्याने हा मळाच बळकावला होता! विद्यादानाची याहून कठोर विटंबना कल्पिणे अवघड आहे.

त्याची पत्नी मादालेना ही शिक्षिका. मजुरांच्या दुःखाची तिला कणव आहे आणि तिची भाषा त्याच्या आवाक्याबाहेरची आहे. म्हणूनच तो तिच्याविषयी संशय घेतो. तिच्या पत्राचे एक पान त्याच्या हाती पडते. अक्षरे लागतात, पण आशय लागत नाही, आणि ते परपुरुषास लिहिलेले असावे असे तो ठरवितो. ती विष घेते. मग तिचे निरोपाचे पत्र सापडते, पण त्यात एक पान कमी असते. ते पान त्याच्याच पाकिटात, सिमेंटच्या बिलांमध्ये असते. लिहिता-वाचता येणे आणि वाचणे यांतील अंतर इतक्या थोडक्यात सांगणारा प्रसंग माझ्या वाचनात दुसरा नाही. पुढे हाच मनुष्य आत्मकथा लिहावयास बसतो. आधी पाद्री, वकील, पत्रकार अशांत काम वाटून देण्याचा बेत करतो, जणू पुस्तक म्हणजे सरकी काढण्याचा कारखाना! तो बेत फसतो, आणि त्याला एकट्यालाच लिहावे लागते.

‘विदास सेकास’ (१९३८) मध्ये शिक्षक मुळी नाहीच. गुराखी फाबियानुची पत्नी बिया मांडून हिशेब करते. मालकाचा हिशेब निराळा निघतो आणि त्या तफावतीला मालक ‘व्याज’ म्हणतो. थोरला मुलगा ‘नरक’ या शब्दाचा अर्थ विचारतो, तर आईकडून त्याच्या डोक्यावर टोला बसतो. एवढा सुंदर शब्द वाईट गोष्टीचा असेल, हे त्याला पटत नाही. अखेरीस दुष्काळापुढे हार खाऊन हे कुटुंब दक्षिणेकडील शहराची वाट धरते. तेथे मुले शाळेत जातील, असे आईबाप चालता चालता बोलत असतात. ती शाळा लेखकाने आपल्याला दाखविलेली नाही.